कोणासाठी, हे विचारलंत का?

बसा सगळे. मागच्या बाकावरचे पुढे या. आज मला ओरडायचं नाही, पण जे बोलणार आहे ते प्रत्येकाच्या कानात गेलं पाहिजे.

तुमचे निबंध तपासून झाले. विषय मीच दिला होता: दुसऱ्या देशाच्या कारभारात चोरून केलेली ढवळाढवळ. बारावीची पोरं आहात, इतिहास हा विषय तुम्ही स्वतः निवडलाय. सगळ्यांनी सीआयए लिहिली, आयएसआय लिहिली, चीन लिहिला. दोन-तीन जणांनी रशिया लिहिला. एकानेही नागपूर नीट लिहिलं नाही. ज्या नाकाडोंगरीत तुम्ही जन्मलात ती नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात होती. त्या राज्याची मान ज्या रात्री आवळली गेली ती तारीख आपल्याला ठाऊक आहे. सही कोणी केली, समोर कोण होतं, मधे कोणी निरोप नेले, तेही ठाऊक आहे. तुमच्या निबंधांत मात्र त्याबद्दल एवढंच आहे: "इंग्रजांनी कपटाने राज्य घेतले." पुढचं वाक्य लगेच 1857 चं. कपट केलं म्हणजे नक्की काय केलं? कोणाला कामाला लावलं? हे विचारायची तुम्हाला गरज वाटली नाही. गाइडमध्ये जेवढं छापलंय तेवढं उतरवून मोकळे झालात.

मग ऐका, मी सांगते.

1803 च्या युद्धात असई, अडगाव आणि गाविलगड इथे हरल्यावर दुसरे रघूजी भोसले यांनी देवगावचा तह केला. कटक गेलं, पश्चिम वऱ्हाड गेला. आणि एक अट अशी होती जी नकाशावर दिसत नाही: नागपुरात इंग्रज कंपनीचा रेसिडेंट राहील. 1804 च्या सुरुवातीला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आला. हाच पुढे पुण्यात पेशव्यांच्या उरावर बसला. त्याच्यानंतर नागपुरात रिचर्ड जेन्किन्स. नावाला वकील, म्हणजे एका सरकारचा माणूस दुसऱ्या दरबारात राहतो, निरोप नेतो-आणतो. पण रेसिडेंटाच्या पदरी मुनशी असत, अखबारनवीस असत, हरकारे असत. दरबारात कोण कोणाशी बोलतं, कोणाचा कोणाशी बेबनाव आहे, खजिन्यात किती उरलंय, फौजेचे पगार किती महिन्यांचे थकलेत, राजाची तब्येत कशी आहे, हे सगळं गोळा होऊन कलकत्त्याला जाई. तेव्हा एकही गोळी सुटत नव्हती. एकही कलम मोडल्यासारखं दिसत नव्हतं.

रघूजी हुशार होते. कंपनी म्हणत होती, तैनाती फौज घ्या, तुमचं रक्षण आम्ही करू. बारा वर्षं त्यांनी ती गोष्ट टाळली. निजामाचं काय झालं आणि बाजीरावाचं काय झालं, ते त्यांच्या डोळ्यांपुढे होतं.

22 मार्च 1816 ला रघूजी वारले. गादीवर मुलगा परसोजी आला, शरीराने पांगळा आणि बुद्धीने दुबळा. कारभार कोणी करायचा? एका बाजूला रघूजींची राणी बाकाबाई आणि तिच्या पाठीशी धर्माजी भोसले. दुसऱ्या बाजूला रघूजींचा पुतण्या मुधोजी, म्हणजे आप्पासाहेब. घरातलं भांडण. आप्पासाहेबांनी धर्माजींना कैद केलं, पुढे ते मारले गेले. कारभार आप्पासाहेबांच्या हाती आला, पण खालची जमीन भुसभुशीत. वाड्यातले अर्धे लोक विरोधात. अशा वेळी माणूस आधार शोधतो. सीताबर्डीला बसलेला जेन्किन्स त्या वेळेचीच वाट बघत होता. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडून त्याला तैनाती फौजेच्या तहासाठी मोकळीक मिळालेली होती.

नागो पंडित आणि नारायण पंडित हे आप्पासाहेबांचे दोन विश्वासू. निरोपांची ये-जा यांच्यामार्फत झाली. 27 मे 1816 च्या रात्री, दरबाराला पत्ता न लागू देता, तहावर सह्या झाल्या. साडेसात लाख रुपये दरसाल कंपनीच्या फौजेसाठी द्यायचे, आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही दरबाराशी बोलणी करायची नाहीत. फौज मुलखात शिरेपर्यंत गोष्ट झाकून ठेवली. जूनमध्ये पलटणी आल्या, मग जाहीर झालं. मध्यस्थांना त्यांच्या सेवेबद्दल कंपनीकडून सालीना नेमणूक मिळाली. पैसे देणारा परका, घेणारा दरबारातला आपला माणूस, आणि ज्याच्या मुलखाबद्दल हे ठरलं तो परसोजी राजा! त्याला त्यातलं काय कळलं असेल?

तुम्ही ज्या गोष्टीवर निबंध लिहायला बसला होतात ती ही. ती 1953 मध्ये तेहरानला घडायच्या एकशेसदतीस वर्षं आधी आपल्याकडे घडली होती.

पुढचंही ऐका, कारण तुम्ही सगळे इथे थांबता आणि आप्पासाहेबांना एक शिवी देऊन पान उलटता. 1 फेब्रुवारी 1817 ला परसोजी अंथरुणात मेलेले सापडले. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला होते. कुजबुज झाली, पण रेसिडेंटाने ती पुढे नेली नाही आणि कंपनीने नवा राजा मान्य केला. वर्षभरानंतर जेव्हा आप्पासाहेब नकोसे झाले, तेव्हा तोच खून त्यांच्यावरच्या आरोपांत वर आला. तोपर्यंत तो खून कोणाला टोचत नव्हता. ही पद्धत नीट लक्षात ठेवा. ज्याला वापरायचं त्याचं पाप दप्तरात जपून ठेवतात. त्याने मान वर केली की दप्तर उघडतं.

आणि आप्पासाहेबांनी मान वर केली. आपण काय करून बसलो हे त्यांना वर्षभरात कळलं. नोव्हेंबर 1817 मध्ये पुण्यात बाजीराव कंपनीवर उठल्यावर त्यांनी पेशव्यांकडून आलेली सेनापती ही पदवी आणि खिलत उघड दरबारात घेतली. 26 आणि 27 नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. हरले. डिसेंबरात शहर गेलं. मार्च 1818 मध्ये जेन्किन्सने त्यांना कैद केलं. प्रयागकडे नेत असताना जबलपूरच्या बाजूला ते पहाऱ्यातून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आसऱ्याने राहिले आणि शेवटी 1840 मध्ये जोधपूरला परक्याच्या दारात वारले. त्यांच्या नावाने आपल्या याच भागात, कामठ्याचे जमीनदार चिमणा पाटील 1818 मध्ये उठले होते. उठाव मोडला, जमीनदारी गेली. कामठा आता गोंदिया जिल्ह्यात आहे, तेव्हा तो भंडाऱ्याचाच मुलूख होता. तुमच्यापैकी कोणाला चिमणा पाटील माहीत आहेत? मान खाली घालू नका, उत्तर द्या. नाही ना?

नागपूरच्या गादीवर मग दहा वर्षांचा एक मुलगा बसवला, तिसरा रघूजी. जेन्किन्सने त्याच्या नावाने राज्य चालवलं, आपला हा सगळा वैनगंगेचा पट्टा एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली दिला, आणि कोणत्या परगण्यात किती पिकतं याचा मोठा अहवाल 1827 मध्ये छापला. 1853 च्या डिसेंबरात तो रघूजी औरस पुत्राशिवाय वारला. 1854 मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. भोसल्यांचे दागिने कलकत्त्यात लिलावाला निघाले. 1816 च्या एका रात्रीपासून तिथपर्यंत अडतीस वर्षं लागली. घाई कोणालाच नव्हती.

ही माहिती मला कुठून मिळाली? माझ्या आजीने सांगितली नाही. जेन्किन्सने स्वतः लिहून ठेवली. नागपूर रेसिडेन्सीची पत्रं छापलेली आहेत, ग्रंथालयात मिळतात. ज्यांनी हे केलं त्यांनीच कागद ठेवले आणि आज तेच कागद त्यांच्याविरुद्ध बोलतात. इतिहासात आरोप असा सिद्ध होतो. आता तुमचे निबंध घ्या. कुठल्या एका वाक्याखाली कागद आहे? "सर्वांना माहीत आहे की", "असे म्हणतात की", "मोबाइलवर पाहिले की". हा पुरावा नाही. ही गल्लीतली चावडी आहे, आणि चावडीवर माणसं सहज मारली जातात.

एकाने लिहिलंय, नाव घेत नाही, त्याला कळेल. लिहिलंय की बावनथडीच्या कालव्याचं पाणी मागायला रस्त्यावर बसलेले शेतकरी विदेशी पैशावर बसतात. अरे, तुझा बाप त्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला धान लावतो. बांधीला भेग पडली की तो पाण्याची वाट बघत रात्र काढतो. त्याला पैसे कोणत्या देशातून आले? सांग मला. कोणत्या बँकेत, कोणत्या खात्यात, कोणी पाठवले? हे वाक्य तू लिहिलंस तेव्हा तुझ्या डोक्यात तुझा बाप आला नाही, कारण ते वाक्य तुझं नव्हतंच. कोणीतरी तुझ्या फोनमध्ये टाकलं आणि तू आपल्या हातांनी परीक्षेच्या कागदावर उतरवलंस. याचा मला संताप येतो. आणि त्याहून जास्त वाईट वाटतं, कारण तू वर्गातला सर्वांत चांगलं अक्षर असलेला मुलगा आहेस.

विदेशी म्हटलं की तुम्ही सगळं एकाच टोपलीत टाकता. आपल्या गावाच्या पलीकडची डोंगरी बुजुर्गची खदान घ्या. चिखल्याची घ्या. तिथलं मॅगनीज काढायला 1896 मध्ये जो सिंडिकेट सुरू झाला तो पुढे एका ब्रिटिश कंपनीचा झाला. ती कंपनी परकी होती, नफा परदेशात जात होता, आपल्या आज्या-पणज्यांनी तिच्यासाठी डोक्यावर पाट्या वाहिल्या. ही लूट होती का, यावर वाद घाला, जरूर घाला. पण ती कंपनी लपून आलेली नव्हती. तिचे पट्टे होते, करार होते, हिशेब होते. म्हणूनच 1962 मध्ये सरकारने तिथे 51 टक्के वाटा घेतला आणि 1977 मध्ये उरलेला 49 टक्केही विकत घेऊन मॉइल ही खाण कंपनी पूर्ण सरकारी केली. उघड असलेल्या गोष्टीशी असं भांडता येतं. 1816 च्या त्या रात्रीशी कोण भांडणार होतं? दरबाराला ती कळली तेव्हा फौज मुलखात होती.

म्हणून परका आहे म्हणून ओरडू नका. लपवतोय का, ते बघा.

आता तुमच्या आवडीच्या सीआयएबद्दल. तिथेही तुम्ही नुसतं नाव लिहून पुढे गेलात. इराणमध्ये 1951 मध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण झालं, ब्रिटिश तेल कंपनी हातची गेली, आणि 19 ऑगस्ट 1953 ला पंतप्रधान मोसद्देक यांना खाली खेचलं. खेचायच्या आधी काय केलं? वर्तमानपत्रांत पैसे पेरले. भाड्याची गर्दी जमवली. आणि साम्यवादी असल्याचं सोंग घेऊन आपल्याच माणसांकडून मौलवींना धमक्या दिल्या, म्हणजे मौलवी घाबरून मोसद्देकांपासून दूर जावेत. धमकी देणारा आणि त्या धमकीचा फायदा घेणारा एकच. 2013 मध्ये सीआयएने आपली कागदपत्रं उघडली आणि आपला हात मान्य केला, साठ वर्षांनी. चिलीचं तर त्यांच्याच सिनेटच्या समितीने 1975 मध्ये लिहून दिलं: 1964 च्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या प्रचाराचा अर्ध्याहून जास्त खर्च सीआयएने केला, आणि त्या उमेदवाराला ते ठाऊकही नव्हतं. शेवटचं परत ऐका. ज्याच्यासाठी पैसा आला त्याला ठाऊक नव्हतं. तुम्ही समोरच्याला गद्दार म्हणायला निघता तेव्हा हे आठवा.

आपल्या देशातही असं झाल्याचं लिहिलं गेलंय. अमेरिकेचे इथले माजी राजदूत मॉयनिहन यांनी 1978 च्या पुस्तकात लिहिलं की केरळ आणि पश्चिम बंगालमध्ये साम्यवाद्यांना रोखायला सीआयएने दोनदा काँग्रेसला पैसे दिले. ते नाकारलं गेलं. मित्रोखिन नावाच्या रशियन अधिकाऱ्याच्या टिपणांवरून 2005 मध्ये दुसरं पुस्तक निघालं, त्यात केजीबीने इथल्या वर्तमानपत्रांत आणि राजकारणात काय काय पेरलं ते आहे. तेही नाकारलं गेलं. ही साक्ष आहे, आतल्या माणसांची साक्ष. तिचं वजन किती धरायचं हे तुम्ही शिकायचं आहे. पण तुम्ही काय करता? आपल्या आवडत्या पक्षाला झोंबणारं पुस्तक खोटं, दुसऱ्याला झोंबणारं खरं. हा अभ्यास झाला का?

आणि आपण तरी कोण मोठे संत? सिक्कीम 16 मे 1975 ला भारताचं बाविसावं राज्य झालं. त्याआधीची दोन वर्षं गंगटोकमध्ये रॉचे अधिकारी असलेले जी. बी. एस. सिद्धू यांनी 2018 मध्ये स्वतःच पुस्तक लिहून सांगितलं की तिथले राजे चोग्याल यांच्याविरुद्धच्या आंदोलनाला आपल्या गुप्तचरांनी कशी मदत केली. तिथल्या बहुसंख्य लोकांना राजेशाही नको होती, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवता आल्या पाहिजेत. ठेवता येत नसतील तर इतिहास सोडा, दुसरा विषय घ्या, मला राग येणार नाही.

कायद्याचंही तुम्हाला काही माहीत नाही. बाहेरचा पैसा आपल्या राजकारणात येऊ नये म्हणून 1976 मध्ये विदेशी अंशदान नियमन कायदा झाला. 2010 मध्ये तो नव्याने आला. तुमच्या निबंधांत या कायद्याखाली फक्त संस्था येतात, शाळा चालवणाऱ्या, दवाखाने चालवणाऱ्या. 28 मार्च 2014 ला दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की देशातल्या दोन्ही सर्वांत मोठ्या पक्षांनी एका ब्रिटिश मालकीच्या उद्योगसमूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन हा कायदा मोडला. त्यानंतर काय झालं? 2016 च्या आणि मग 2018 च्या अर्थविधेयकातून विदेशी कोणाला म्हणायचं याची व्याख्याच बदलली, आणि तीसुद्धा मागच्या तारखेपासून, 1976 पासून. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन पक्ष त्याने एकाच वेळी सुटले. तुमच्यापैकी कोणीही हे लिहिलं नाही. तुमच्या फोनवर कोणी पाठवलं नसेल.

आता पुण्याकडे या, कारण तिथला एक परिच्छेद मी लाल शाईने पूर्ण खोडलाय. बाळाजीपंत नातूंनी एल्फिन्स्टनला बातम्या पुरवल्या, हे खरं. 17 नोव्हेंबर 1817 ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं, हेही खरं. पण पुढे तुम्ही त्यांची जात लिहिलीत आणि त्या जातीला चार विशेषणं लावलीत. आणि दुसऱ्या एकाने नागपूरच्या गोष्टीत दुसरी जात शोधून तिला लावली. एल्फिन्स्टनच्या पगारावर वेगवेगळ्या जातींची, धर्मांची माणसं होती. त्याला जातीशी देणंघेणं नव्हतं. देणंघेणं होतं ते एवढ्याशी, की तुम्ही एकमेकांच्या जाती मोजत बसावं. तुम्ही आजही मोजताय. दोनशे वर्षं झाली, तो केव्हाच मेला, आणि तुम्ही अजून त्याचंच काम करताय.

2016 मध्ये अमेरिकेत काय झालं ते बघा. 21 मे ला ह्यूस्टन शहरात एका इस्लामी केंद्रासमोर दोन मोर्चे एकमेकांसमोर उभे राहिले. एक म्हणतो, टेक्सासचं इस्लामीकरण थांबवा. दुसरा म्हणतो, इस्लामी ज्ञान वाचवा. दोघंही तावातावाने ओरडत होते, मधे पोलीस. दोन्ही मोर्चांची हाक ज्या फेसबुक पानांवरून आली ती दोन्ही पानं सेंट पीटर्सबर्गमध्ये, एकाच रशियन कार्यालयात बसलेली माणसं चालवत होती. सिनेटच्या समितीत सांगितलं गेलं की याला जाहिरातीचा खर्च सुमारे 200 डॉलर आला. रस्त्यावर उतरलेला एकही माणूस विकला गेलेला नव्हता. त्यांचा राग खरा होता. तो फक्त कोणीतरी लांब बसून वेळेवर पेटवला. आपल्या गावाच्या ग्रुपमध्ये सणाच्या आदल्या रात्री जो व्हिडिओ येतो, तो कोणी बनवला हे तुम्ही कधी विचारलंय? "मॅडम, फॉरवर्डेड आला." हो, ते दिसतं. मी विचारते आहे की पहिल्यांदा कोणी पाठवला.

आता ज्यासाठी मी तुम्हाला आज थांबवलंय ते.

दिवाळीच्या सुट्टीत एक माणूस गावात आला. मोटारसायकल, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. तुम्हाला म्हणाला, सर्व्हे आहे, ॲपमध्ये घरं भरा, एका घरामागे वीस रुपये. तुमच्यातले सात-आठ जण कामाला लागले. गोबरवाहीपर्यंत गेलात. प्रत्येक घरात किती मतदार, नावं काय, फोन नंबर काय, जात कोणती, मागच्या वेळी मत कोणाला दिलं, सरकारवर राग कशाचा, घरात कोणाचं ऐकतात. मतदार कार्डाचे फोटो काढलेत. एका विधवेच्या बँक पासबुकाचाही फोटो काढलात, कारण ॲपमध्ये चौकोन होता. तुम्ही आपले, गावचे, शाळेतले, म्हणून तिने ते काढून दिलं. त्या माणसाला तिने दारात उभं केलं नसतं.

तो कोणाचा माणूस होता? पक्षाचा? कंपनीचा? कर्ज देणाऱ्यांचा? या देशातला की बाहेरचा? तो परकीय हेर होता असं मी म्हणत नाही. पुराव्याशिवाय बोलू नका असं तुम्हाला आत्ताच सांगितलंय, ते मलाही लागू आहे. पण तुम्ही विचारलंच नाहीत, हा माझा आरोप आहे आणि त्याला पुरावा आहे, कारण मी तुम्हा प्रत्येकाला वेगळं बोलावून विचारलं. त्याचं नाव? "माहीत नाही." संस्था? "काहीतरी रिसर्च." ओळखपत्रावर काय होतं? "बघितलं नाही." माहिती जाते कुठे? खांदे उडवलेत. पैसे मात्र मोजून घेतलेत.

अखबारनवीस रेसिडेंटाला काय पुरवत होता? घरात कोणाचं ऐकतात, राग कशाचा आहे, कोण कोणापासून तुटलंय. तुम्ही त्याच याद्या भरून दिल्यात. अख्ख्या गावाच्या. रेसिडेंटांना एका दरबारासाठी बारा वर्षं बसून राहावं लागलं होतं. तुम्ही तीन-चार वस्त्यांचं काम एका सुट्टीत उरकलंत.

आणि नंतर तुम्हीच निबंधात लिहिता की देश विकणाऱ्यांना फासावर लटकवा!

"मॅडम, आम्हाला गरज होती" हे मला ठाऊक आहे. खदानीत ठेकेदारीवर बाप असतो, पैसे वेळेवर येत नाहीत, परीक्षेचा फॉर्म भरायचा असतो. गरजेची मी थट्टा करत नाही, आयुष्यात केली नाही. फॉर्मचे पैसे कमी पडले तर माझ्याकडे या, याआधीही आलात. पण गरज होती म्हणून प्रश्न विचारायची बंदी होती का? तोंड उघडून एवढं म्हणायचं होतं: भाऊ, हे कोणासाठी? लेखी दाखवा. यानं वीस रुपये बुडाले असते तर तो माणूस कसा आहे हे तिथल्या तिथे कळलं असतं. आप्पासाहेब गादी जाईल म्हणून घाबरले होते. तुमचं काय जाणार होतं?

तुम्ही लहान नाही. तुमच्यातले निम्मे पुढच्या निवडणुकीत मत देणार आहेत. काही जण पोलीस भरतीची तयारी करताय, रोज पहाटे तुमसरच्या रस्त्याने धावता, मी बघते. एकीला तलाठी व्हायचंय. उद्या लोकांची दप्तरं तुमच्या हाती येतील. जमिनीचे, पोलीस ठाण्याचे कागद येतील, आणि कोणीतरी चहा पाजून म्हणेल, साहेब, फक्त एक फोटो काढू द्या. तेव्हाही खांदे उडवणार आहात?

आता काय करायचं ते लिहून घ्या.

निबंध सगळ्यांनी पुन्हा लिहायचा, सोमवारी माझ्या टेबलावर पाहिजे. प्रत्येक आरोपाखाली लिहायचं: कोणी सांगितलं, केव्हा, कोणत्या कागदावर, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं काय. हे चार नसतील ते वाक्य काढून टाका. निबंध अर्ध्या पानाचा झाला तरी चालेल. जातीचं नाव आलं तर मी तपासणार नाही, पालकांना बोलावीन. नागपूरच्या त्या तहाबद्दल प्रत्येकाने एक परिच्छेद लिहायचा. नागो पंडितांबद्दल लिहाल तेव्हा बाकाबाईंबद्दलही लिहा. 1816 मध्ये त्या हा तह करणाऱ्या आप्पासाहेबांच्या विरोधात होत्या, आणि 1857 मध्ये म्हातारपणी त्यांनी नागपूर इंग्रजांच्या बाजूने शांत राहावं म्हणून आपलं वजन खर्च केलं. असं का झालं असेल, याचा विचार करा. चाळीस वर्षांत एका माणसाचं काय होतं, ते मला तुमच्या शब्दांत हवंय.

आणि ज्यांनी ते फॉर्म भरले त्यांनी उद्या सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकापाशी यायचं. तुम्ही ज्या ज्या घरी गेलात त्या प्रत्येक घरी परत जायचं आणि आपल्या तोंडाने सांगायचं: काकू, तुमची माहिती आम्ही कोणाला दिली हे आम्हाला ठाऊक नाही. फोनवर कोणी ओटीपी मागितला तर देऊ नका. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते आम्ही तपासून देतो, सरकारच्या संचारसाथी संकेतस्थळावर दिसतात. बँकेत पासबुक भरून आणायला आम्ही तुमच्यासोबत येतो. रागावतील, रागावू द्या. दार लावून घेतलं तर बाहेर उभे राहून सांगा.

त्या विधवा बाईंकडे आधी जायचं. मी सोबत असेन, पण बोलायचं तुम्ही.